सतराव्या वाटीतले सहा चिंचोके

"मोजले कुणी, काका? तुम्हीच ना?"

"मीच मोजले."

"वाट्या कुणी मांडल्या?"

"आशिष, प्रश्न वाट्यांचा नाहीये."

"मग कशाचाय? सतराव्या वाटीत सहा चिंचोके पडले. बाराची रेघ तुम्ही मारलीत. सहा हे बारापेक्षा कमी असतात, हे तिसरीत असताना तुमच्याच ओट्यावर बसून शिकलोय मी."

"अकरा सेकंद लागतात, आशिष! घंटी वाजायला अकरा सेकंद. परवा तुझ्यासमोर मोजलं."

"सगळ्यात वाईट परिस्थितीत."

"आयसीयूत दुसरी कुठली परिस्थिती असते रे?"

आशिषने हातातलं पेन टेबलावर आपटलं. ते घरंगळत जाऊन खाली पडलं, पण दोघांपैकी कुणीच वाकलं नाही. खोलीला तिन्ही बाजूंनी काच होती आणि काचेपलीकडे अठ्ठावीस मुलंमुली कॉम्प्युटरकडे बघत असल्याचं नाटक करत होती. हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या त्या ऑफिसात मराठी कळणारी माणसं मालकांसकट तीनच. त्यामुळे नरहरराव आणि त्यांच्याच बरकतपुऱ्यात वाढलेला आशिष घरच्या मराठीत भांडायचे, आणि बाहेरच्यांना फक्त हात दिसायचे. त्या दिवशी म्हाताऱ्याचे हात वर होते आणि तरुणाचे खिशात.

"मग आयसीयूवाल्यांसाठी वरून काहीतरी बसवू," आशिष म्हणाला.

"वरून काय बसवणार? रांग खाली आहे. गाभ्यात. आठ खाटांचे आकडे एकाच रांगेत उभे राहतात, आणि तू त्यांना एकेक करून आत घेतोस. ज्याचा श्वास थांबलाय तोही रांगेतच उभा."

"रांगेमुळेच नवं काही जोडणं सोपं जातं. आणि ते सोपं पाहिजे म्हणून अठरा चिंचोके पडलेत. अठरा! मी काय माझ्या मनानं काढलंय का ते डिझाइन?"

"नाही."

"लोकांनी मागितलं ते दिलं. तुमच्याच पद्धतीनं मागितलं. आता गाभा उघडायचा म्हणजे चार महिने. बाजार पडलाय, काका. अमेरिकेतून पोरं परत येऊन आईच्या हातचं खात बसलीत. चार महिने या अठ्ठावीस जणांना काय सांगू? नरहरकाकांना झोप येत नाहीये म्हणून?"

त्यात खोटं काही नव्हतं. नरहररावांना झोप येत नव्हती.

नरहर बिदरकर. वय एक्कावन्न, खिशात दोन पेनं, मनगटावर घड्याळ असूनही गळ्यात दोरीला अडकवलेलं दुसरं, सेकंद मोजायचं घड्याळ. वडील वकील, उर्दूत अर्ज लिहायचे आणि मराठीत शिव्या द्यायचे. मुलगा एका सरकारी कारखान्यात लागला. विजेची मोजयंत्रं तयार व्हायची तिथे, आणि ती तपासायचं काम नरहररावांचं. चोवीस वर्षं तेच. सकाळी ते एखादी रास नापास करायचे आणि दुपारी जेवून आलेला साहेब ती पास करायचा.

"सर, काट्यात फरक आहे."

"बिदरकर, तुमच्या डोळ्यांत फरक आहे."

असं चोवीस वर्षं ऐकल्यावर, शहाण्णव साली कारखाना माणसं कमी करायला निघाला तेव्हा, स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करणारे पहिले नरहरराव. घरी आले आणि मालतीबाईंना म्हणाले, "सुटलो." मालतीबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी वह्यांतून मान वर केली आणि विचारलं, "कशातून?"

मग हा गृहस्थ सेहेचाळिसाव्या वर्षी अमीरपेटला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसला. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबावं." वर्ग हसला, नरहररावही हसले आणि पहिल्या बाकावर बसले. वर्षभराने त्यांना सॉफ्टवेअर लिहिता येत नव्हतंच, पण दुसऱ्याने लिहिलेलं कुठे मोडेल हे लिहिणाऱ्याच्या आधी कळू लागलं होतं. कंपनीचे मालक हिम्मतरावांनी त्यांना घेतलं ते याचसाठी.

हिम्मतराव मूळचे शेतकरी घरातले. वडिलांनी बेगम बाजारात भांड्यांचं दुकान थाटलं आणि मुलाने, बाजार खुला झाल्यावर, रुग्णांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांची कंपनी. ठोके, श्वास, रक्तातला प्राणवायू, सगळ्याचे आकडे पडद्यावर दिसणार; एखादा मर्यादेबाहेर गेला की घंटी वाजणार. यंत्रं तीन जातींची. एक घरी न्यायचं, एका खाटेचं. एक वॉर्डातलं, चार खाटांचं. आणि तिसरं आयसीयूतलं, आठ खाटा एकाच पडद्यावर, नर्सच्या टेबलावर. तिन्हींची सॉफ्टवेअरं वेगवेगळी. एकातला दोष काढला तरी उरलेल्या दोघांत तो सुखाने नांदायचा. शेवटी दोन हजार एकच्या सुरुवातीला ठरलं, की गाभा एकच करायचा आणि तिन्ही यंत्रं त्याच्यावर उभी करायची. याला प्रॉडक्ट लाइन म्हणतात, असं गाभा बांधणाऱ्या आशिषने सांगितलं.

"म्हणजे साचा एक आणि पातेली तीन," हिम्मतराव खूश झाले. "पत्रा वाचतो."

"पण एकात दूध तापणार आणि एकात डांबर," नरहरराव म्हणाले. "साच्याआधी आच विचारायला पाहिजे."

"मग विचारा की. तुम्हाला कोण नक्को म्हणतंय?"

तेच त्यांचं काम ठरलं. यंत्र काय करणार, हे सांगायला सगळे पुढे येतात. ते किती चांगलं करणार, किती लवकर, किती दिवस न बंद पडता, किती सहज बदलता येणार, हे विचारलं की माणसं मोघम बोलू लागतात. 'फास्ट पाहिजे.' 'एकदम भरवशाचं पाहिजे.' नरहररावांना मोघम चालत नसे. प्रत्येक अट त्यांना घडलेल्या प्रसंगासारखी लागायची: कोण, कुठे, काय झालं, मग यंत्राने काय करायचं, किती वेळात. तशा एकतीस अटी त्यांनी चार महिने दवाखान्यांचे जिने चढून गोळा केल्या.

सतरावी भामा सिस्टरची.

भामा सिस्टर देगलूरकडची. वीस वर्षं हैदराबादच्या एका खाजगी दवाखान्यात, त्यातली बारा आयसीयूत. नरहररावांनी वही उघडली आणि विचारलं, "घंटी किती वेळात वाजली पाहिजे, सिस्टर?"

"लगेच."

"लगेच म्हणजे?"

"आवो, लगेच म्हंजी लगेच. आता 'लगेच' काय सोलून दाखवू?"

"मला आकडा लागतो."

"आकडा लागतो व्हय?" तिने त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. "बसा. तुमी सिस्टर. मी पेशंट. ती बघा सहा नंबरची खाट, रिकामी हाय. मी तिथं जाऊन श्वास बंद करते. तुमचं ते गळ्यातलं घड्याळ चालू करा, आन् या."

आणि खरंच ती गेली, सहा नंबरच्या खाटेवर बसली, गाल फुगवून श्वास धरला आणि हाताने खूण केली. नरहरराव उठले. खुर्ची भिंतीला अडली. ट्रॉलीला वळसा घातला, पडदा बाजूला केला.

"किती?" तिने श्वास सोडत विचारलं.

"सात सेकंद."

"तुमाला ट्रॉली आधी ठाऊक नव्हती, म्हणून सात. मला बी सातच लागतात, माझे गुडघे गेलेत म्हणून. आता नळी काढायची, घशातलं वढायचं, मास्क लावायचा. वीस धरा. आमच्या माणसाकडं कवा कवा अर्धा मिनिट बी नसतो, पर अर्धा धरू. तुमच्या मशीनीला किती उरले?"

"तीन."

"मग तीन घ्या. चवथा मागू नका."

नरहररावांनी लिहिलं. मग सवयीने विचारलं, "आणि सगळ्या खाटा एकदम बोलू लागल्या तर? असं कधी होतं?"

"रोज. लाइट गेली आन् जनरेटर लागला की आठी जनी एकदम बोंबलतात. त्यात खरं कोण रडतंय आन् खोटं कोण, हे वळखायला माणूस लागतं. म्हणून तीन पोरी ठिवल्यात मी. सारखी फेरी घालायची, नुसती फेरी."

सतराव्या चिठ्ठीवर अट अशी उतरली: वीज जाऊन जनरेटर सुरू झाला, आठही खाटांची माहिती एकदम आली आणि त्यातल्या एका रुग्णाचा श्वास थांबला, तर परिचारिकेच्या टेबलावरची घंटी तीन सेकंदांत वाजली पाहिजे. त्यांनी ती भामा सिस्टरला वाचून दाखवली. ती म्हणाली, "आता कळलं बघा मला, मी काय म्हणले ते."

एकतीस अटी, आणि सगळ्या एका गाभ्यात बसणं शक्य नव्हतं. लवकर पाहिजे तर बदलायला अवघड, बदलायला सोपं पाहिजे तर सावकाश. एकीची दोरी ओढली की दुसरी सैल पडायची. मग कुठल्या अटी गाभ्याच्या आणि कुठल्या नंतरच्या, हे ठरवायचं कुणी? यापूर्वी ज्याचा आवाज मोठा तो ठरवायचा. नरहररावांना ते नको होतं. त्यांनी हिम्मतरावांच्या दुकानातून एकतीस स्टीलच्या वाट्या आणल्या, बेगम बाजारातूनच किलोभर चिंचोके आणले, आणि त्या काचेच्या खोलीत पंगत मांडल्यासारख्या वाट्या मांडल्या. प्रत्येक वाटीखाली एक चिठ्ठी.

"हे काय, सर? चिंतपंडू?" तेलुगू मुलं हसत सुटली.

"चिंचेतला गर तुम्ही खाल्लात, बिया मी आणल्या. ऐका आता. घरच्या यंत्राची टोळी, वॉर्डची टोळी, आयसीयूची टोळी. प्रत्येकीला साठ चिंचोके. जी अट आपल्याला महत्त्वाची, तिच्या वाटीत टाका. पण एका वाटीत एका टोळीचे सहाच्या वर नाहीत. कुणी दांडगाई करून सगळे एकाच वाटीत ओतायचे नाहीत. बारा आणि त्याच्या वर ज्या वाटीत पडतील, ती अट गाभ्याची. आणि शेवटचं." इथे त्यांनी बोट वर केलं. "एकदा मोजले, की शब्द नाही. साहेब येवो नाहीतर साहेबाचा साहेब. जेवून आल्यावर निकाल बदलायचा नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. चोवीस वर्षांचं काहीतरी त्या दिवशी फिटलं असं नरहररावांना वाटलं. घरी जाताना त्यांनी मालतीबाईंसाठी गजरा घेतला होता.

सतराव्या वाटीत आयसीयूच्या टोळीने सहा चिंचोके टाकले. जास्तीत जास्त तेवढेच टाकता येत होते. उरलेल्या दोन टोळ्यांनी एकही टाकला नाही, आणि का टाकावा? घरच्या यंत्राला एक खाट, वॉर्डच्याला चार. आठ खाटा एकदम बोंबलणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. 'नवी यंत्रं, नव्या भाषा सहज जोडता याव्यात' ही अट तिघांनाही हवी होती. सहा, सहा आणि सहा.

नरहररावांनी स्वतः मोजले, स्वतः लिहून घेतलं आणि सतरा नंबर रेघेखाली गेला. तेव्हा त्यांना खटकलं, पण निकाल हा निकाल. खरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली ती सात महिन्यांनी, चाचणीत घंटीला अकरा सेकंद लागले त्या दिवशी. तीच वही समोर घेऊन ते बसले होते, आणि कागदावर दोनच आकडे होते: वर बारा, खाली सहा. एका टोळीला सहाच्या वर टाकायची मनाई. रेघ बाराची. म्हणजे जी गरज एकाच यंत्राची, ती रेघ ओलांडूच शकत नव्हती. कुणी कितीही जीव तोडून सांगितलं असतं, तरी नाही. दांडगाई नको म्हणून त्यांनी नियम केला होता, आणि त्या नियमात एकट्याला जागाच ठेवली नव्हती. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या काट्यातला फरक शोधणाऱ्या माणसाने.

हे त्यांनी आशिषला सांगून पाहिलं. भांडणाची सुरुवात तिथूनच झाली होती.

"मग तेव्हा का नाही दिसलं?" आशिष काचेशी उभा होता. आता त्याचा आवाज खाली आला होता आणि तो जास्त लागत होता. "काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवून सात महिने काम केलं. तुम्ही म्हणालात गाभ्याच्या अटी या एवढ्या, मी तेवढ्यांसाठीच बांधलं. आता म्हणता मोजमापच चुकलं. मग मी त्यातलं काय खरं धरू? उद्या दुसऱ्या एखाद्या वाटीबद्दल पण असंच म्हणाल?"

"नाही म्हणणार."

"यंत्र पास झाल्याची सही करा, काका. दुसऱ्या आवृत्तीत काढू आपण. माझा शब्द."

दुसऱ्या आवृत्तीला आशिष असणार नव्हता. मार्चमध्ये तो बोस्टनला चालला होता, हे सगळ्या बरकतपुऱ्याला माहीत होतं.

नरहरराव केबिनमध्ये गेले तेव्हा हिम्मतराव डबा खात होते. "या, बैठो ना, नरहरराव. भाकरी घ्या."

"मतदान पुन्हा घ्यायचंय."

"कशाचं?"

नरहररावांनी सांगितलं. वही दाखवली. हिम्मतरावांनी बोट पुसून आकडे बघितले. व्यापारी माणूस, एका नजरेत कळलं.

"हौ. चूक आहे खरी."

"आहे ना?"

"आहे. पण नियम कुणाचा? मोजल्यावर शब्द नाही म्हणून. मी त्या दिवशी म्हणालो होतो, एखादी वाटी मालकाची ठेवा. तुम्ही काय म्हणालात, सगळ्या पोरांसमोर?"

"साहेब येवो नाहीतर..."

"साहेबाचा साहेब. मला आवडलं ते. खरंच आवडलं. आता मीच जाऊन निकाल बदलू?" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दवाखान्यानं संच मागवलाय. अकरा सेकंद म्हणजे जुन्यापेक्षा बरंच आहे. जुनं तर कधी कधी वाजायचंच नाही."

तेही खरं होतं. त्या महिन्यात नरहररावांना भेटणारा प्रत्येक माणूस खरंच बोलत होता. त्या सगळ्या खऱ्यांची रास त्यांच्या छातीवर येऊन बसत होती.

"चार खाटांना तीनच सेकंद लागतात," ते म्हणाले. "संचाला खाटा जोडायची आठ भोकं आहेत, त्यातली चार बंद करून द्या."

"गिऱ्हाइकानं आठ घेतलीत. चार बुजवून कशी देऊ?"

"मग लिहा तरी. चारच जोडा म्हणून."

हिम्मतरावांनी विचार केला. "शिफारस म्हणून लिहू. माहितीपुस्तकात. झालं समाधान?"

संध्याकाळी बरकतपुऱ्यात मालतीबाई भाजी निवडत होत्या. नरहरराव समोर बसले आणि काही न बोलता घेवड्याच्या शिरा काढू लागले. ते असं करू लागले की काहीतरी बिघडलंय हे मालतीबाईंना कळायचं.

"सही मागताहेत?"

"हो."

"नाही केली तर यंत्र जाणार नाही?"

"जाईल. दुसरा कुणी करेल. अठ्ठावीसपैकी कुणीही करेल."

"आणि केली तर?"

"तरी जाईल. पण एक ओळ जास्त छापून जाईल. चार खाटांची."

मालतीबाईंनी सुरी खाली ठेवली. "मग करा."

"मालती, ती ओळ कुणी वाचणार नाहीये."

"मग करू नका."

"तू एकदा करा म्हणतेस, एकदा करू नका म्हणतेस."

"अहो, तुम्हाला दोन्ही ऐकायचं होतं ना? ऐकवलं." त्या जरा हसल्या, मग हसू मावळलं. "त्या सिस्टरना सांगितलंत?"

"काय सांगू?"

"हेच."

नरहररावांनी आणखी एक शेंग उचलली. "मी दोघांना सांगितलं. दोघांनी नीट ऐकून घेतलं. कुणी हाकललं नाही, कुणी हसलं नाही. कारखान्यात साहेब निदान खोटं बोलायचा, गं. भांडायला काहीतरी हाताला लागायचं."

शिरा काढून झाल्या होत्या तरी नरहरराव त्याच शेंगा पुन्हा हातात घेत होते. मालतीबाईंनी ताट हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सही केली; माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावरही ती छापली जाणार होती. नरहर काशिनाथ बिदरकर, गुणवत्ता प्रमुख. सही छान आली. माहितीपुस्तकाच्या एकेचाळिसाव्या पानावर खालून तिसरी ओळ छापली गेली: 'उत्तम परिणामासाठी एका संचाला चार खाटांपर्यंत जोडणी करण्याची शिफारस आहे.' इंग्रजीत, आणि बारीक.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात भामा सिस्टरच्या दवाखान्यातून फोन आला, संच बसवून पंधरा दिवस झाले, सगळं उत्तम चाललंय, एकदा येऊन पाहून जा. आशिष गेलेला होता. नरहरराव स्कूटरवर एकटेच निघाले. दुपारचे बारा, रस्ता तापून डांबर मऊ झालेलं.

आयसीयूच्या दाराशी चपला काढून ते आत शिरले. भामा सिस्टर टेबलाशी एकटीच बसली होती. समोर नवा पडदा, त्यावर आठ चौकोन, आठही हिरवे.

"या, भाऊ! या. बघा तुमचं लेकरू. लई गुणाचं हाय."

"आठही जोडल्यात?"

"आठ भोकं हायत की."

नरहरराव पडद्याकडे बघत राहिले. एकेका चौकोनातला आकडा बदलत होता, एक मग दुसरा मग तिसरा, रांगेने. "सिस्टर, चारच जोडा."

"का?"

"चारच जोडा. पुस्तकात लिहिलंय तसं. एकेचाळिसाव्या पानावर."

"पुस्तक म्यानेजर सायबाच्या कपाटात हाय. त्याला किल्ली हाय." ती हसली. "आन् बाकीच्या चार खाटा कोण बघंल, भाऊ?"

"तुमच्या मुली आहेत ना? तीन. फेरी घालणाऱ्या."

"कुठल्या मुली?" तिने हात हवेत उडवला. "दोघींना खाली ओपीडीत धाडलं, एकीला काढूनच टाकलं. मशीन आली तवाच. म्यानेजर म्हणला, आता फेरी कशाला, मशीन फेरी घालतंय की. मी लई भांडले, बरं का. मग म्हणला, तूच तर त्या बिदरकर सायबाला सगळं सांगून मशीन करून घेतलीस ना? आता तुजाच भरवसा नाही व्हय? मंग मी काय बोलू? म्हणले, हाय भरवसा."

सहा नंबरच्या खाटेवर एक म्हातारी होती, नाकात नळी. पायाशी तिचा मुलगा उभा होता, पायांवरून हात फिरवत.

नरहररावांच्या गळ्यात ते घड्याळ होतं. बोलायचं तर एकच आकडा बोलायचा होता. तो सांगितला असता तर ती काय करणार होती? उठून मॅनेजरकडे गेली असती. त्याने कपाट उघडून पुस्तक काढलं असतं, शेवटच्या पानावरची सही दाखवली असती. मग पुन्हा इथे, याच खुर्चीत, एकटी, आठ चौकोनांसमोर, पण आता तो आकडा पोटात घेऊन. हे सगळं त्यांना अगदी स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावला. खाली कुठेतरी जनरेटर खोकला, पुन्हा खोकला आणि लागला. पडद्यावरचे आठही चौकोन एकदम पिवळे झाले. भामा सिस्टर सवयीने अर्धी उठली, दाराकडे तोंड करून कुणाला तरी हाक मारायला तिने तोंडही उघडलं, मग बाहेर कुणीच नाही हे आठवून तशीच टेबलाला धरून राहिली. दोघांनीही पडद्याकडे बघितलं. एक चौकोन हिरवा झाला. मग दुसरा. तिसऱ्याला वेळ लागला.

आठवा हिरवा झाल्यावर ती खाली बसली आणि तिने पदर कपाळावरून फिरवला.

"भाऊ, एक विचारू?"

नरहररावांनी गळ्यातलं घड्याळ शर्टाच्या आत टाकलं.

"आता यातलं एखादं खरंच थांबलं असतं, तर तीन सेकंदात वाजली असती ना?"

नरहरराव दारापर्यंत गेले. दार ढकललं. बाहेर चपलांच्या ढिगात त्यांना आपली जोडी लगेच सापडेना, तेव्हा ते तसेच, अनवाणी, जिना उतरू लागले. मागून तिचा आवाज आला, "आवो भाऊ, सांगून तरी जा," आणि दार मिटलं.